बाहत्तरची खडी

नगर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल विचारू नये, बाहत्तरचा दुष्काळ विचारावा. "दुष्काळात माझा थोरला मांडीवर होता," असं उत्तर येतं; वयाचा हिशेब आपण मांडायचा.

सुटीच्या दिवशी मी नगरजवळच्या एका वृद्धाश्रमात जातो. पेपर वाचून दाखवायचा, गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ-रात्र लिहायचं, नखं कापायची. पारनेरकडच्या एका आजींची नखं कापताना डाव्या हाताचं बोट वाकडं दिसलं. "खडी फोडताना हातोडी बसली," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या खाटांवरूनही गोष्टीत भर पडू लागली.

पाऊस हुकला, ज्वारी करपली, विहिरींचे तळ दिसले. जनावरं मिळेल त्या भावात बाजारात गेली. सरकारनं रस्त्यांची, पाझर तलावांची कामं काढली. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. हा आकडा मी कधीच वाचला होता. त्यातली एक बाई मात्र मला इथं भेटली. पोराला बाभळीच्या झोळीत टाकून ती दिवसभर खडी फोडायची. संध्याकाळी ढिगाला माप लागायचं आणि ते कमी भरलं की मुकादम अर्धीच हजेरी मांडायचा. "त्याचं नाव लिहू नको बाळा. त्याची बहीण समोरच्याच खोलीत हाये."

खाण्याचा विषय निघाला की सगळेच बोलतात. कामावर सुकडी मिळायची. पोरांना ती गोड लागायची, म्हणून आया आपली पदरात बांधून घरी न्यायच्या. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो यायचा, त्याची भाकरी थापतानाच तुटायची. एक आजोबा ठासून सांगतात, गाजरगवत त्या मिलोतूनच आलं. पुण्यात त्याची नोंद 1955 च्या सुमाराची आहे, असं मी म्हणालो. "पुण्यात असंल. आमच्या बांधावर मिलोनंतरच आलं." मी ते तसंच लिहून घेतलं. गवत परदेशी धान्यातून आलं असावं, हे अभ्यासकही मानतात. आणि त्या बांधावर आजोबा रोज उभे होते.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना 1972 सालीच राज्यात जाहीर झाली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये सगळ्या देशासाठी तसा कायदा आला. पाग्यांचं नाव इतिहासात आहे, ते हवंच. पण मागेल त्याला काम द्यावं लागतं, हे सरकारच्या गळी उतरलं ते या माणसांनी उन्हात उपसलेल्या कष्टांमुळेही, असं मला ठामपणे वाटतं. त्यांची नावं फक्त मस्टरवर होती, अंगठ्यांसमोर.

तेव्हा विशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी इतिहासाची मुलं वही घेऊन इथं पाठवावीत, आणि लवकर पाठवावीत. प्रश्न साधेच विचारावेत: काम कुठल्या रस्त्यावर होतं, प्यायला पाणी कुठून आणायचात, हापसा कधी बसला, गाव सोडून कोण गेलं आणि परत कोण आलं. आजींनी मला त्यांचा रस्ता फाट्यापासून गावापर्यंत वळणावळणानं सांगितला आहे. मधल्या ओढ्यावरची मोरीही त्यांच्याच टोळीनं बांधली.