स्टार, प्लस आणि २९ क्रमांकाचं अक्षर

अमेरिकेतला ग्राहक चाकणच्या एखाद्या कारखान्याला ईडीआयने, म्हणजे कॉम्प्युटरकडून कॉम्प्युटरकडे ठरलेल्या नमुन्यात कागदपत्रं पाठवायच्या पद्धतीने, ऑर्डर पाठवतो, तेव्हा प्रत्यक्षात येते ती अक्षरांची एक सलग रांग. तक्ता नाही, रकाने नाहीत, मथळा नाही. सुरुवातीला आयएसए ही तीन अक्षरं, मग एक स्टार, दोन शून्यं, पुन्हा स्टार, मग दहा मोकळ्या जागा, पुन्हा स्टार. पार्ट नंबर कुठे संपला, नग कुठे सुरू झाले आणि दर कुठला, हे ओळखायला सॉफ्टवेअरला या रांगेतल्या विभाजक चिन्हांखेरीज दुसरा आधार नसतो. एक चिन्ह चुकीचं वाचलं की पुढचा सगळा माल एक घर सरकतो. म्हणून ही चिन्हं आली कुठून, हे त्यांच्यावर रोज काम करणाऱ्यांनी तरी जाणून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात बर्लिनपासून करावी लागते. जून १९४८ मध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे अडवले. शहराला पीठ, कोळसा, औषधं, सगळंच विमानाने पुरवायची वेळ आली. सप्टेंबर १९४९ पर्यंत सुमारे पावणेतीन लाख उड्डाणं झाली आणि २३ लाख टनांच्या आसपास माल शहरात उतरला. माल येत होता, पण मालाची यादी जुळत नव्हती. मॅनिफेस्ट वेगवेगळ्या नमुन्यांचे होते, वेगवेगळ्या भाषांतले होते, प्रतींची संख्याही सारखी नव्हती. तिथे काम करणारे अमेरिकन सैन्यातले सार्जंट एडवर्ड गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅनिफेस्टचा एकच नमुना ठरवला. टेलेक्सवर, रेडिओ टेलिटाइपवर किंवा फोनवरसुद्धा तो जसाच्या तसा सांगता यायचा. कुठली माहिती आधी आणि कुठली नंतर, हे दोन्ही टोकांच्या माणसांना आधीच माहीत असलं की कागद पाठवायची गरज उरत नाही. ईडीआयची सगळी इमारत या एका गोष्टीवर उभी आहे.

पुढे गिल्बर्ट ड्यू पाँट या रसायन कंपनीत गेले आणि तीच पद्धत त्यांनी मालवाहतुकीत आणली. १९६५ मध्ये हॉलंड-अमेरिका लाइनने अटलांटिकपार मॅनिफेस्ट टेलेक्सने पाठवले आणि ते टेपवर उतरवून कॉम्प्युटरला दिले. १९६८ मध्ये रेल्वे, ट्रक, जहाज आणि विमान कंपन्यांनी मिळून टीडीसीसी ही समिती स्थापली. तिचे पहिले नियम १९७५ मध्ये छापले गेले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने एक्स१२ ही समिती नेमली आणि आज अमेरिकन ग्राहकाच्या प्रत्येक ८५० किंवा ८१० वर तिचा शिक्का असतो. ८५० म्हणजे पर्चेस ऑर्डर, ८१० म्हणजे इन्व्हॉइस.

आता त्या पहिल्या आयएसएकडे जरा थांबून पाहू. एक्स१२ मधल्या बाकी सगळ्या सेगमेंटची, म्हणजे माहितीच्या एकेका ओळीची, लांबी मजकुराप्रमाणे कमी-जास्त होते, पण आयएसए मात्र मोजून १०६ अक्षरांचा असतो. पाठवणाऱ्याचं नाव आठ अक्षरांचं असलं तरी त्याला पंधरा जागा द्यायच्या आणि उरलेल्या मोकळ्या सोडायच्या. ही पंचकार्डाच्या जमान्याची खूण आहे. ऐंशी रकान्यांच्या त्या पुठ्ठ्यावर विभाजक चिन्ह लागतच नसे. पहिल्या दहा रकान्यांत ग्राहकाचा नंबर आणि पुढच्या सहांत तारीख असं ठरलं की काम झालं. एक्स१२ ने बाकी सगळीकडे हा हिशेब सोडला, पण दारातल्या पहिल्या ओळीत मुद्दाम ठेवला. लांबी ठरलेली असल्यामुळे चौथ्या जागेवर जे अक्षर दिसेल ते माहिती तोडणारं चिन्ह, १०५ व्या जागेवरचं उपभाग तोडणारं आणि १०६ व्या जागेवरचं सेगमेंट संपवणारं. म्हणजे ही फाइल कशी तोडायची, हे फाइल स्वतःच सांगते. माहिती तोडणारा स्टार आणि सेगमेंट संपवणारा टिल्डा (~) हे फक्त रूढ झाले आहेत. नियमाने ते बंधनकारक नाहीत. कुणी उभी रेघ वापरली तरी फाइल बिनचूक असते. मला ही एक्स१२ ची सगळ्यात देखणी जागा वाटते.

त्याच एक्स१२ मध्ये एक उणीवही आहे आणि तिचा फटका आपल्याकडे हमखास बसतो. विभाजक चिन्हच मजकुरात आलं तर ते 'हे मजकुरातलं आहे' असं सांगायची सोय तिथे ठेवलेलीच नाही. आपल्या स्टोअरमध्ये बेअरिंगचं माप लिहिताना ३०*६२*१६ असा स्टार सर्रास वापरतात. मराठी असो, गुजराती असो, वर्कशॉपची ही जुनी सवय आहे. आयटम मास्टरमधलं हे वर्णन इन्व्हॉइसच्या पीआयडी या वर्णनाच्या सेगमेंटमध्ये तसंच गेलं की पलीकडचं सॉफ्टवेअर 'बेअरिंग ३०' एवढंच वर्णन मानतं आणि ६२ व १६ पुढच्या दोन खान्यांत टाकतं. त्यातल्या पहिल्या खान्यात ठरावीक कोडच चालतात, त्यामुळे इन्व्हॉइस रिजेक्ट होतं आणि पैसे अडकतात. उपाय दोनच. एक तर मास्टरमधले स्टार काढून तिथे इंग्रजी एक्स घालायचा, नाही तर समोरच्याशी बोलून वेगळं विभाजक ठरवायचं.

युरोपाने दुसरी वाट धरली. ब्रिटनच्या किरकोळ व्यापाऱ्यांसाठी १९८२ मध्ये ट्राडाकॉम्स आलं आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एडिफॅक्टची वाक्यरचना आयएसओ ९७३५ म्हणून मंजूर झाली. एडिफॅक्टमध्ये प्लस माहिती तोडतो, कोलन उपभाग तोडतो आणि एकेरी अवतरणचिन्ह सेगमेंट संपवतं. ही चिन्हं का, ते टेलेक्सच्या मशीनकडे पाहिलं की उलगडतं. आंतरराष्ट्रीय टेलेक्सच्या पाच बिटांच्या वर्णमालेत एकूण ३२ जोडण्या. अक्षरं आणि आकडे त्याच कळांवर, शिफ्ट बदलून. झेडच्या कळेवर प्लस होता, सीच्या कळेवर कोलन, एसच्या कळेवर एकेरी अवतरण आणि बीच्या कळेवर प्रश्नचिन्ह. स्टार नव्हताच. एडिफॅक्टच्या पहिल्या पातळीच्या अक्षरसंचात लहान लिपीची अक्षरं नाहीत, तेही टेलेक्समुळेच. बंदरातल्या जुन्या मशीनवरूनही निरोप जाऊ शकला पाहिजे, ही अट त्या चिन्हांत गोठून राहिली आहे.

एडिफॅक्टने प्रश्नचिन्हाला मात्र मोठं काम दिलं. ज्या चिन्हाच्या आधी प्रश्नचिन्ह असेल ते चिन्ह मजकुरातलं समजायचं. गोव्याच्या किंवा वसईच्या डी'सूझाचं नाव विमानाच्या प्रवासी यादीत इंग्रजी स्पेलिंगच्या अवतरणचिन्हासह जायचं असेल तर ते डी?'सूझा असं लिहावं लागतं. नाही तर 'डी' वरच सेगमेंट संपतो आणि सूझा हे नव्या सेगमेंटचं नाव समजलं जातं. भारतातला फोन नंबर ?+९१ असा जातो. खरं प्रश्नचिन्ह लिहायचं तर ते दोनदा. एवढ्याने एक्स१२ मधलं बेअरिंगचं दुखणं मुळातच संपलं असतं. या एका बाबतीत युरोपाने जास्त शहाणपणा दाखवला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपली चिन्हं स्वतःच सांगायची सोय एडिफॅक्टमध्येही आहे. फाइलच्या अगदी सुरुवातीला यूएनए आणि त्यापुढे सहा अक्षरं: यूएनए:+.? '. उपभाग, माहिती, दशांश, सुटकेचं चिन्ह (म्हणजे ते प्रश्नचिन्ह), एक राखीव जागा आणि शेवट, याच क्रमाने. दशांशचिन्हसुद्धा सांगावं लागलं, कारण जर्मनीत साडेबारा हा आकडा १२,५० असा लिहितात. यूएनए नसेल तर नेहमीची चिन्हं धरायची.

या सगळ्या गोंधळाचं उत्तर मात्र त्याआधीच तयार होतं. कॉम्प्युटरच्या आस्की वर्णमालेत २८, २९, ३० आणि ३१ हे चार क्रमांक फक्त माहिती वेगळी करण्यासाठी राखून ठेवले होते: फाइल, ग्रुप, रेकॉर्ड आणि युनिट सेपरेटर. ती अक्षरं कुठल्याही नावात, पत्त्यात, मापात येत नाहीत. मग अडचण कसली? ती कीबोर्डवर नाहीत आणि कागदावर छापली जात नाहीत. माणसाला जे दिसत नाही त्यावर त्याचा विश्वास बसत नाही, म्हणून दिसणारी चिन्हं जिंकली. एडिफॅक्टच्या दुसऱ्या पातळीत २८, २९ आणि ३१ यांना अधिकृत जागा मिळाली, पण वापरात प्लस आणि कोलनच राहिले.

त्यातलं २९ मात्र न्हावा शेवा बंदरात रोज काम करतं. नव्वदच्या दशकात भारतीय कस्टम्सची ईडीआय व्यवस्था उभी राहिली, पुढे तिचं पोर्टल आइसगेट आलं. बिल ऑफ एंट्री आणि शिपिंग बिल यांच्या फाइलमध्ये दोन खान्यांमधलं विभाजक म्हणजे आस्की २९. कस्टम्स एजंटच्या ऑफिसमधला मुलगा ती फाइल नोटपॅडमध्ये उघडतो तेव्हा सगळे शब्द एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडली की जागोजागी काळ्या चौकटीत 'जीएस' उमटतं. पहिली ओळ एचरेक, मग झेडझेड, मग पाठवणाऱ्याचा आयडी, पुन्हा झेडझेड, मग बंदराचा कोड आयएनएनएसए१. ते झेडझेड थेट एक्स१२ च्या घरातलं आहे. दोन्ही पक्षांनी आपसात ठरवलेली ओळख, असा त्याचा तिथला अर्थ. या फाइलमध्ये बेअरिंगचं माप स्टारसकट लिहा, डी'सूझा सरळ लिहा, काहीही फुटत नाही. तिला धोका एकाच गोष्टीचा. कुणी ती एक्सेलमध्ये किंवा ईमेलच्या मजकुरात चिकटवून पुन्हा सेव्ह केली तर ते न दिसणारं २९ गळून पडू शकतं, आणि ते गळलेलं डोळ्यांना कळतही नाही.

तोडण्याचा आणखी एक थर विभाजकांच्या वरचा आहे. एका फोनजोडणीत बरीच कागदपत्रं पाठवता यावीत म्हणून एक्स१२ ने एकात एक पाकिटं केली. बाहेर आयएसए, आत जीएस (हे सेगमेंटचं नाव, आस्की २९ नव्हे), त्याच्या आत एसटी. एका पाकिटात चाळीस ऑर्डर असू शकतात. आजचं सॉफ्टवेअर विचारतं: आलेलं पाकीट फोडून प्रत्येक ऑर्डर सुटी करायची, की अख्खं ठेवायचं? एका ऑर्डरमध्ये चूक निघाली तर फक्त तीच अडवायची, की सगळ्या चाळीस? बिझटॉक या सॉफ्टवेअरमध्ये हे चारही पर्याय नावानिशी दिलेले आहेत. ऑर्डरसाठी मी सुटं करून एकटी चुकीची अडवण्याच्या बाजूचा आहे, कारण एका चुकीच्या पार्ट नंबरपायी एकोणचाळीस डिलिव्हऱ्या रखडणं कुठल्याच कारखान्याला परवडत नाही. पण जिथे पाकिटातल्या कागदांची बेरीज एकत्र जुळवायची असते, तिथे अख्खं ठेवणंच बरोबर.

म्हणून हे काम करणाऱ्यांना एक विनंती. नव्या ग्राहकाची पहिली फाइल आली की मागच्या ग्राहकाची सेटिंग कॉपी करू नका. एक्स१२ असेल तर चौथी, १०५ वी आणि १०६ वी जागा स्वतः मोजून पाहा, टिल्डानंतर नवी ओळ जोडली आहे का तेही बघा. एडिफॅक्ट असेल तर यूएनए आहे का पाहा. फाइल जिथे आपली चिन्हं स्वतः सांगते तिथे सॉफ्टवेअरला ती तिच्यातूनच वाचू द्या आणि हाताने भरलेलं चिन्ह फक्त आपण पाठवतो त्या फाइलींसाठी ठेवा.