प्लायवूडची डिंगी : आराखडा आणि बांधणी

शिडाची मोठी होडी बहुधा खोल पाण्यात नांगरलेली असते. तिच्यापासून किनाऱ्यापर्यंत ये-जा करण्यासाठी सोबत बाळगावयाच्या लहान होडीस 'डिंगी' म्हणतात. अंधारात, उसळत्या पाण्यात माणसांचा जीव तिच्याच भरवशावर असतो. म्हणून तिची बांधणी हौसेची असली, तरी हयगयीची असून चालत नाही.

अशा बांधणीसाठी किनाऱ्यावरील गोदीच हवी असे नाही. वेदगंगेकाठच्या गारगोटीत मौनी विद्यापीठाची स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीची संस्था आहे. समुद्रापासून दूर असलेल्या अशा गावात, एखाद्या सुताराच्या पडवीतही डिंगी तयार होऊ शकते.

आराखड्याचा आरंभ प्लायवूडच्या मापापासून करावा. बाजारातील ताव साधारणतः ८ बाय ४ फूट, म्हणजे सुमारे २.४४ बाय १.२२ मीटर असतो. त्यामुळे २.४ मीटर लांबीची होडी सांध्याविना बसते. पाण्याला टेकणारे क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरल्यास दर २० किलो भारामागे होडी सुमारे १ सेंटिमीटर बुडते. होडी ४० किलोची व दोन माणसे १५० किलोंची असल्यास ती साडेनऊ सेंटिमीटर पाण्यात जाते. बाजू ३५ सेंटिमीटर उंच असल्यास पंचवीस सेंटिमीटर काठ पाण्यावर राहतो. प्रथम पुठ्ठ्याची लहान प्रतिकृती करून मापे तपासावीत.

सर्वांत मोठी चूक प्लायवूडच्या निवडीत होते. दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणारा प्रत्येक ताव होडीस योग्य नसतो. आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे भारतीय मानक आहे. या प्रकारात तावाचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. ६ मिलिमीटर जाडी पुरेशी ठरते.

फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या तांब्याच्या तारेने शिवाव्यात. सांध्यात आतून इपॉक्सी व लाकडाचा भुसा यांचे मिश्रण भरावे, ते कडक झाल्यावर तारा काढाव्यात आणि दोन्ही बाजूंनी काचतंतूची पट्टी चढवावी. १९६२ मध्ये जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनी आखलेली 'मिरर' डिंगी याच पद्धतीने घरोघरी बांधली गेली. शिवून होडी बांधण्याची परंपरा आपल्या किनाऱ्यावर मात्र फार जुनी आहे. काथ्याने शिवलेले 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज गोव्यात बांधले गेले आणि २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले.

कापलेली प्रत्येक कड व प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करावे; पाणी तेथूनच शिरते. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वरून रंग आवश्यक. बैठकीखाली हवाबंद कप्पे ठेवावेत. ६० लिटरचा कप्पा सुमारे ६० किलो भार तोलतो. पहिली चाचणी उथळ, शांत पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालूनच घ्यावी.