मीमचा पत्ता कुठला?

न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर पी. एफ. जेन्किन्स सॅडलबॅक पक्ष्यांची गाणी ऐकत होते. बेटावर सगळी मिळून नऊएक गाणी. एकेक नर त्यांतली एखाददुसरी किंवा मोजकीच गाई. गाणं बापाकडून रक्तातून येत नव्हतं, शेजाऱ्याचं ऐकून उचललं जात होतं. उचलताना कधी सूर चुके आणि त्यातून नवंच गाणं जन्माला येई. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६च्या ‘द सेल्फिश जीन’मध्ये शेवटच्या प्रकरणात हे उदाहरण दिलं आणि ते माणसांकडे वळले. चाली, कल्पना, कपड्यांच्या तऱ्हा, मडकी घडवायच्या रीतीही अशाच नकला होत पसरतात; नकलेच्या या एककाला त्यांनी ‘मीम’ म्हटलं.

पण हे एकक असतं कुठे? डोक्यात की वागण्यात?

एफ. टी. क्लोक यांनी १९७५मध्येच मेंदूतल्या सूचना आणि त्यांतून घडणारं वर्तन यांची फारकत केली होती. १९८२मध्ये डॉकिन्सही तिकडे झुकले: मीम मेंदूत, बाकी सारा त्याचा परिणाम. डेरेक गॅदरर यांना हे पटेना. मोजता येतं ते वर्तनच, असं त्यांचं म्हणणं.

सगळ्यात कसदार वाद झाला तो कागदाच्या होडीवरून. सुझन ब्लॅकमोर यांच्या ‘द मीम मशीन’ (१९९९) या पुस्तकाच्या प्रस्तावनेत डॉकिन्स यांनी वडिलांनी शिकवलेली चिनी होडी आणली. होडीचं चित्र एकाचं पाहून दुसऱ्यानं काढत गेलं, तर शेवटी ते ओळखूही येणार नाही. घडीचं तसं नाही. शिकवणाऱ्याची घडी जरा तिरकी पडली, तरी शिकणारा तिरकेपणा उचलत नाही. कोपरे मध्यावर आणायचेत हे ओळखून तो नीट दुमडतो. चूक तिथंच जिरते.

डॅन स्पर्बर यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. शिकणारा हेतू ओळखून घडी घालत असेल, तर ती नक्कल कसली? तोकड्या पुराव्यावरून अंदाज बांधून त्यानं होडी नव्यानं घडवली. मीमची तुलना ज्याच्याशी होते, त्या जनुकाच्या प्रतीचा साचा मूळ जनुकच असतो. इथं साच्याचं काम शिकणाऱ्याची समज करते. हा घाव वर्मी लागणारा आहे आणि मीमवाद्यांना त्याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही.

१९९७मध्ये निघालेलं ‘जर्नल ऑफ मीमेटिक्स’ २००५मध्ये थांबलं. ब्रूस एडमंड्स यांनी त्यातच मीमच्या या शास्त्राचा मृत्युलेख लिहिला. तोवर जोसेफ हेन्रिक आणि रॉबर्ट बॉयड यांनी २००२मध्ये गणितानं दाखवलं होतं की, एकेक शिकणारा चुकत राहिला तरी समाजात रीत टिकू शकते; त्यासाठी हुबेहूब प्रत निघणारं एकक लागतंच असं नाही.