आनुवंशिकतेची मूलतत्त्वे : कापूस, संत्रा आणि रक्त

जनकांचे गुण संततीत कोणत्या नियमांनी उतरतात, याचा अभ्यास करणाऱ्या जीवशास्त्राच्या शाखेस आनुवंशिकी म्हणतात. ‘खाण तशी माती’ ही म्हण या विषयाची अर्धीच बाजू सांगते. जनकांत कोठेही न दिसणारा गुण संततीत अकस्मात प्रकट होतो, ही दुसरी बाजू आहे आणि आनुवंशिकीचा खरा प्रारंभ तिच्या उलगड्यापासून झाला.

या नियमांची उदाहरणे पाहण्यास मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा मराठीभाषक प्रदेश सोयीचा आहे. नागपूरच्या उत्तरेस, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले हे दोन तालुके 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्ह्यात आले. कापूस आणि संत्रा ही तेथील प्रमुख नगदी पिके. शिवाय मध्य भारतात आढळणारा सिकलसेल हा रक्तविकार या भागालाही परका नाही. शेतातील बी, बागेतील कलम आणि माणसाचे रक्त या तिन्हींचा हिशेब एकाच शास्त्राने मांडता येतो.

मेंडेलचे नियम

ग्रेगोर मेंडेल (1822-1884) या धर्मगुरूने ब्रनो येथील मठाच्या बागेत 1856 ते 1863 या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. गोल बियांचे आणि सुरकुतलेल्या बियांचे शुद्ध वाण त्याने एकत्र आणले, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व बिया गोल निघाल्या. त्या पिढीचे स्वपरागण होऊ दिल्यावर दुसऱ्या पिढीत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेल्या बिया मिळाल्या. हे प्रमाण जवळजवळ तिनास एक असे आहे.

मेंडेलने काढलेला निष्कर्ष असा : प्रत्येक गुणासाठी सजीवाजवळ दोन घटक असतात, एक मातेकडून आणि एक पित्याकडून आलेला. या घटकांनाच आज जनुके म्हणतात. दोन घटक भिन्न असतील तर प्रभावी घटकाचा गुण दिसतो आणि अप्रभावी झाकला जातो, पण नष्ट होत नाही. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते एकमेकांत मिसळत नाहीत. प्रजननपेशी तयार होताना ते पुन्हा विलग होतात आणि प्रत्येक पेशीच्या वाट्यास दोहोंपैकी एकच येतो. हा विलगीकरणाचा नियम होय. दोन निरनिराळ्या गुणांचे घटक एकमेकांवर अवलंबून न राहता वाटले जातात, हा स्वतंत्र वाटणीचा नियम. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या जनुकांस मात्र तो लागू होत नाही. मेंडेलचा निबंध 1866 साली प्रसिद्ध झाला, परंतु त्याचे महत्त्व ओळखले गेले ते 1900 साली, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

कापसाच्या बोंडातील वाटणी

संकरित कापसाचे व्यापारी वाण प्रथम भारतात तयार झाले. डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरत येथे विकसित केलेले ‘संकरित-4’ हे वाण 1970 साली प्रसारित झाले. दोन भिन्न वाणांच्या संकरातून निघालेली पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. परंतु तिच्याच सरकीची पेरणी केली, तर विलग झालेले घटक नव्या जोड्या जमवतात. मग एक झाड उंच, दुसरे खुजे, एक लवकर फुटणारे, दुसरे उशिरा, असे शेत विस्कळीत होते. शेतकऱ्यास दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते, त्याचे मूळ कारण हे आहे.

बीटी कापसाला भारतात 2002 साली परवानगी मिळाली. बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन बनवणारे, मातीतील एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले असते. पुढे 2006 साली अशी दोन जनुके असलेला कापूस आला. भारतातील वाण प्रामुख्याने संकरित असल्याने ही जनुके सामान्यतः एकाच जनकाकडून आलेली असतात. शेतातील झाडात दोन्ही जनुके असतात खरी, पण त्याच्या बोंडातील प्रत्येक बी ही पुढच्या पिढीचा गर्भ आहे आणि तिच्यात वाटणी होऊन गेलेली असते. स्वपरागण झाल्यास दर सोळा बियांमागे सरासरी नऊ बियांत दोन्ही जनुके, तिनांत केवळ पहिले, तिनांत केवळ दुसरे आणि एका बीत कोणतेही नाही, असा हिशेब निघतो.

गुलाबी बोंडअळी नेमकी बोंडातील सरकी खाते. एकाच बोंडात तिला कमी-अधिक विषाच्या बिया मिळतात आणि त्यावर तगून राहणाऱ्या अळ्यांची संतती वाढते. या अळीत बीटीविरुद्ध प्रतिकारक्षमता का निर्माण झाली, याची शास्त्रज्ञ जी कारणे मांडतात त्यांत हे एक महत्त्वाचे आहे. विदर्भातील कापूस उत्पादकांनी 2017 साली या अळीचा मोठा फटका सोसला.

संत्र्याचे कलम

संत्र्याची बाग मात्र सहसा बियांपासून उभी केली जात नाही. जंबेरीच्या रोपावर निवडक संत्रा झाडाचा डोळा भरून कलम तयार करतात. डोळा हा मूळ झाडाचाच अंश असल्याने येथे जनुकांची वाटणी होतच नाही. त्यावरून वाढणारा फांद्यांचा विस्तार आनुवंशिकदृष्ट्या मूळ झाडाची प्रतिकृती असतो. खुंट जंबेरीचा असला, तरी फळ संत्र्याचेच लागते. खुंटामुळे झाडाचा जोम, आयुष्य आणि फळाची प्रत यांवर परिणाम होतो, पण डोळ्याची जनुके बदलत नाहीत.

खुंटाची रोपे मात्र बीपासूनच करतात. जंबेरीच्या एका बीतून अनेकदा एकाहून अधिक रोपे उगवतात. त्यांपैकी बहुतेक परागकणाच्या संयोगाशिवाय, मातृवृक्षाच्याच पेशींपासून बनलेली असतात, म्हणून ती एकसारखी असतात. जी रोपे वाढीत वा रूपात वेगळी दिसतात, ती संकरातून आलेली असण्याचा संभव असतो. चांगल्या रोपवाटिकेत ती काढून टाकतात.

रक्तातील विलगीकरण

सिकलसेल विकाराचे कारण एका जनुकातील अत्यल्प बदल हे आहे. अकराव्या गुणसूत्रावरील या जनुकातील बदलामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी झाला की अशा हिमोग्लोबिनमुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना, रक्तक्षय व अवयवांची हानी ओढवते. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या भागातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली.

बदललेले जनुक एकाच जनकाकडून आलेली व्यक्ती वाहक असते. ती सहसा निरोगी जीवन जगते, इतकेच नव्हे तर तीव्र मलेरियापासून तिला काहीसे संरक्षणही मिळते. मलेरियाग्रस्त प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले ते यामुळेच. दोन्ही जनकांकडून बदललेले जनुक आले तरच व्यक्ती रुग्ण ठरते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य निरोगी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि रुग्ण असण्याची 25 टक्के असते. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसरा पूर्णतः निरोगी असेल, तर निम्मी अपत्ये वाहक होऊ शकतात, पण सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही.

या टक्केवारीचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. पहिले मूल रुग्ण निघाले, म्हणजे पुढची तीन निरोगी निघतील, असे नाही. प्रत्येक गर्भधारणेत वाटणी नव्याने होते आणि मागील अपत्याचा तिच्यावर काहीही परिणाम नसतो. तसेच रुग्ण अपत्याचा दोष मातेस देणे शास्त्रास धरून नाही, कारण सदोष जनुकाची एक प्रत पित्याकडूनही आलेली असते. हा विकार संसर्गाने पसरत नाही. काही समाजांत त्याचे प्रमाण अधिक असले, तरी तो कोणत्याही एका जातीपुरता वा जमातीपुरता मर्यादित नाही.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. वाहक कोण हे चेहऱ्यावरून वा प्रकृतीवरून ओळखता येत नाही. त्यासाठी प्राथमिक विद्राव्यता चाचणी आणि तिला दुजोरा देणारी हिमोग्लोबिनची तपासणी करावी लागते. ती विवाहापूर्वी झाल्यास दोन्ही कुटुंबांना समजून-उमजून निर्णय घेता येतो. विवाहानंतर कळले, तरी गर्भावस्थेच्या आरंभी निदानाची सोय आहे, आणि रुग्ण बालकास वेळेवर लसी, नियमित औषधे व वैद्यकीय देखरेख मिळाल्यास त्याचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. जनुकांची वाटणी कोणाच्या हाती नाही, पण तिचा हिशेब आधी जाणून घेणे आता प्रत्येक कुटुंबाच्या आवाक्यात आहे.