आधी पाहा, मग लिहा, मग हात लावा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जवळजवळ रोज एक छोटी बातमी असते. विहिरीत, रेल्वे रुळांजवळ किंवा बंद खोलीत कोणाचा तरी मृतदेह सापडलेला असतो आणि शेवटचे वाक्य ठरलेले असते : ‘पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असून पुढील तपास चालू आहे.’ हे वाक्य वाचून आपण पान उलटतो. पण त्या नोंदीत काय लिहिले जाते आणि ती होण्यापूर्वीच्या तास-दोन तासांत कोण काय करतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्येचा की खुनाचा, हे ठरवण्याचा कच्चा माल त्या पहिल्या तासांतच गोळा होतो किंवा कायमचा नष्ट होतो. प्रयोगशाळेतले सर्वांत महागडे उपकरणसुद्धा पुसून टाकलेला डाग परत आणू शकत नाही.

अडचण अशी की घटनास्थळी पहिल्यांदा पोचणारी व्यक्ती बहुधा तज्ज्ञ नसते. शेजारी, गावचा पोलीस पाटील, गस्तीवरचा हवालदार यांपैकीच कोणीतरी तिथे प्रथम पोचतो. मग ज्याला शरीरशास्त्र किंवा रसायनशास्त्र येत नाही, अशा माणसाचे निरीक्षण विश्वासार्ह कसे करायचे? संशयास्पद मृत्यूच्या तपासाचा इतिहास हा पुष्कळसा या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

दोन डुकरे आणि थोडी राख

चीनमध्ये तिसऱ्या शतकातली म्हणून सांगितली जाणारी एक हकीकत पुढच्या काळातील न्यायकथांच्या संग्रहांत नोंदलेली आहे. घराला आग लागून एक माणूस मेला. त्याच्या बायकोने त्याला आधी मारून मग घर पेटवले, असा नवऱ्याकडच्या नातेवाइकांचा संशय होता. बायको ते नाकारत होती. चांग च्यु नावाच्या न्यायाधिकाऱ्याने दोन डुकरे मागवली. एक मारले, दुसरे जिवंत ठेवले आणि दोन्ही लाकडांच्या आगीत जाळली. जिवंत जाळलेल्या डुकराच्या तोंडात राख सापडली, आधी मारलेल्याच्या तोंडात सापडली नाही. मग मृताचे तोंड तपासले, तर तिथे राख नव्हती. बायकोने गुन्हा कबूल केला.

प्रयोग क्रूर आहे आणि आज कोणी तो करू देणार नाही. पण त्याची रचना पाहा. दोन प्राणी, एकच आग आणि फरक फक्त एका गोष्टीचा, श्वास चालू असण्याचा. शाळेत ‘नियंत्रित प्रयोग’ शिकवताना आपण हेच सांगतो. आजही भाजून झालेल्या मृत्यूत डॉक्टर श्वासनलिकेत काजळी आहे का आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड किती आहे, हे पाहतात. तत्त्व तेच आहे : जो श्वास घेत होता, त्याने धूर आत ओढला असणार.

सोंग त्स यांचे नियम

एखादा हुशार अधिकारी अशी युक्ती काढू शकतो. पण राज्यात शेकडो अधिकारी असतात आणि सगळेच काही हुशार नसतात. हे ओळखून सोंग त्स या चिनी न्यायाधिकाऱ्यांनी १२४७ साली ‘शी युआन ची लू’ हा ग्रंथ सिद्ध केला. नावाचा अर्थ साधारणपणे ‘अन्याय धुऊन काढण्यासाठी संकलित केलेल्या नोंदी’ असा होतो. न्यायवैद्यकावरील आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या ग्रंथांत त्याची गणना होते.

त्यातली विळ्याची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असेल. रस्त्याकडेला एका माणसाचा मृतदेह सापडला. अंगावर विळ्याचे दहापेक्षा जास्त घाव होते, पण चीजवस्तू जागच्या जागी होती. तपास करणाऱ्याने तर्क केला की दरोडेखोराला माल हवा असतो. माल तसाच आहे आणि घाव मात्र गरजेपेक्षा फार जास्त आहेत, तेव्हा हे वैराचे काम. मृताच्या बायकोकडून कळले, की पैसे उसने न दिल्यामुळे एक जण नाराज होता. तरीही त्याला लगेच न पकडता अधिकाऱ्याने आसपासच्या लोकांचे सत्तर-ऐंशी विळे आणवून जमिनीवर मांडले. उन्हाळ्याचे दिवस होते. माश्या एकाच विळ्यावर येऊन बसू लागल्या. धुऊनही डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश माश्यांनी हुडकला होता. विळा त्याच नाराज माणसाचा निघाला.

आमच्या मते मात्र या ग्रंथातला मोलाचा भाग ही गोष्ट नाही. तो आहे त्यातल्या रुक्ष नियमांत. अधिकाऱ्याने प्रेताजवळ स्वतः जावे, दुर्गंधीला कंटाळून लांब बसून कारकुनाच्या सांगण्यावर लिहू नये. हुकूम मिळाल्यापासून दोन चिनी घटिकांच्या, म्हणजे आपल्या चार तासांच्या आत निघावे, नाहीतर शिक्षा. पहिल्या तपासणीनंतर दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वतंत्रपणे फेरतपासणी करावी. गळफासाच्या खुणेचा नुसता उल्लेख न करता ती कानामागे वर चढत जाते की मानेभोवती आडवी पूर्ण फिरते, हे पाहावे. टांगून घेतलेल्याची आणि गळा आवळून मारलेल्याची खूण यातच बहुधा वेगळी पडते.

यातले काही नियम सोंग त्स यांच्याही आधीचे होते. ११७४ पासून चीनमध्ये प्रेततपासणीचा छापील नमुना वापरात आला होता. त्याच्या तीन प्रती काढायच्या, एक स्थानिक कचेरीला, एक वरिष्ठांना आणि एक मृताच्या घरच्यांना. १२११ मध्ये त्याला माणसाच्या पुढच्या व मागच्या बाजूच्या आकृत्या जोडल्या गेल्या, म्हणजे जखमेची जागा चित्रावरच दाखवता यावी. नमुन्यात रकाना असला की तपासणारा ती जागा पाहायला विसरत नाही. आणि एक प्रत घरच्यांच्या हाती गेली, की नंतर कोणाला कचेरीतला कागद गुपचूप बदलता येत नाही.

याच ग्रंथात चुकाही आहेत, आणि त्या शिकण्यासारख्या आहेत. वारसाचे रक्त मृताच्या हाडावर टाकले आणि ते आत मुरले, तर नाते खरे, असे त्यात सांगितले आहे. हे साफ खोटे आहे. विषाच्या शोधासाठी चांदीची काडी प्रेताच्या तोंडात घालायला सांगितले आहे. ती काळी पडली, तर विषप्रयोग. पण चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे, आणि शरीर कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू आपोआपच तयार होतो. उलट शुद्ध सोमलाने चांदी काळी होत नाही. म्हणजे या कसोटीने विष देणारा सुटावा आणि निरपराध माणूस फासावर जावा, असे घडू शकत होते.

सात-पावणेआठशे वर्षांनंतर हा ग्रंथ वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यातले अनेक सिद्धांत मोडले, पण ‘स्वतः जा, लवकर जा, सगळे पाहा, तिथेच लिहा, दुसऱ्याकडून पडताळून घ्या’ हे नियम टिकले.

कॉरोनर आणि दंडाची भीती

युरोपात वेगळी वाट होती. इंग्लंडमध्ये ११९४ साली कॉरोनर हे पद निर्माण झाले. अनपेक्षित मृत्यूची चौकशी करणे हे त्याचे काम होते, पण त्यामागे राजाच्या तिजोरीचाही विचार होता. ज्या वस्तूमुळे मृत्यू झाला, ती गाडी असो वा बैल, ती किंवा तिची किंमत सरकारजमा होई. ही प्रथा थेट १८४६ मध्ये रद्द झाली. कॉरोनर येण्यापूर्वी प्रेत हलवले किंवा पुरले, तर गावाला दंड होई. ‘प्रेत हलवू नये’ हा नियम योग्यच होता. पण नियमामागे दंडवसुली दिसू लागली, की लोक माहिती देण्याऐवजी अंग चोरतात. खरी माहिती हवी असेल, तर ती देणाऱ्याला भीती वाटता कामा नये, हा धडा आजच्या पोलीस ठाण्यालाही लागू आहे.

इंग्रजांबरोबर हे पद आपल्याकडेही आले. १८७१ च्या कायद्याने त्याचे नियम ठरले आणि मुंबईत कॉरोनरचे न्यायालय १९९९ पर्यंत चालू होते.

ग्रोस यांची पेटी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील तपास-दंडाधिकारी हान्स ग्रोस यांनी या कामाला शास्त्राची शिस्त लावली. त्यांचे जाडजूड हस्तपुस्तक १८९३ मध्ये निघाले. त्याचे इंग्रजी रूपांतर १९०६ मध्ये आपल्या मद्रासमध्ये, तिथल्याच सरकारी वकिलांनी, हिंदुस्थानातल्या तपासाला उपयोगी पडेल अशा बेताने तयार केले. ग्रोस यांचा आग्रह होता की अधिकाऱ्याची पेटी कायम भरलेली असावी. तिच्यात कागद, मोजपट्टी, होकायंत्र, मेणबत्ती, ठसे घेण्यासाठी प्लास्टर इतकेच काय, पण साक्षीदाराला शपथ देण्यासाठी क्रूस आणि घाबरलेल्या मुलांना बोलते करण्यासाठी गोळ्यासुद्धा होत्या!

तरीही सवयी सहजी बदलल्या नाहीत. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नजवळच्या एका बंगल्यात एका स्त्रीच्या देहाचे तुकडे सापडले. तपासासाठी आलेले विकृतिशास्त्रज्ञ बर्नार्ड स्पिल्सबरी यांना दिसले, की स्कॉटलंड यार्डचे अधिकारी उघड्या हातांनी ते अवशेष गोळा करत आहेत. यात अधिकाऱ्यांना जंतुसंसर्गाचा धोका होता आणि पुराव्यालाही. त्यानंतर यार्डने रबरी हातमोजे, चिमटे, भिंग, मोजपट्टी, नमुन्यांच्या पिशव्या असलेली पेटी तयार ठेवायला सुरुवात केली. शोध म्हणून पाहिले तर यात नवीन काहीच नव्हते. पण जी वस्तू वेळेवर हाताशी नसते, तिचा शोध लागूनही उपयोग नसतो.

आपल्याकडचा कायदा

आपल्याकडे अशा मृत्यूची चौकशी दीर्घकाळ फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ त्या जागी आले आहे. ठाणे अंमलदाराने खबर मिळताच कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचे, स्वतः जागेवर जायचे आणि शेजारपाजारच्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष जखमा, अस्थिभंग, खरचटल्याच्या खुणा आणि मृत्यूचे दिसणारे कारण यांचा अहवाल लिहायचा. यालाच आपण मरणोत्तर पंचनामा म्हणतो. नव्या कायद्याप्रमाणे हा अहवाल २४ तासांत वरिष्ठ दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. या टप्प्यावर ‘मृत्यू कसा झाला असे दिसते’ एवढाच प्रश्न आहे. ‘कोणी केला’ हा प्रश्न पुढचा. हे दोन प्रश्न एकत्र झाले, की माणूस आधी आरोपी ठरवतो आणि मग त्याला साजेशा खुणा शोधत बसतो.

प्रत्यक्ष कामाच्या रीतीही कारणांनी बांधलेल्या आहेत. पहिले काम म्हणजे माणूस खरोखर मेला आहे का, हे पाहणे. जिवंत असेल, तर पुरावा मागे, जीव आधी. मग जागेला दोरी बांधायची आणि आत कोण कोण गेले, ते टिपायचे. दिवा चालू की बंद, कडी आतून की बाहेरून, वास कसला, हे हात लावण्यापूर्वी लिहायचे. गळफासाची दोरी गाठीपासून दूर कापायची, कारण गाठ कशी मारली आहे यातच माहिती असते. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, जंतू वाढतात आणि डीएनए तुटून जातो.

यात काय पणाला लागते, ते आपल्या समाजाने फार जवळून पाहिले आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत तरुण सुनांच्या मृत्यूचे ‘स्टोव्हचा भडका’ हे एक ठरावीक कारण झाले होते. नोंद अपघाताची होई, अंत्यसंस्कार घाईने उरके आणि सगळे संपे. चळवळींनी प्रश्न लावून धरला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर दंडाधिकाऱ्याची चौकशी आणि डॉक्टरकडून शवतपासणी यांची तरतूद झाली.

इथे त्या दोन डुकरांची आठवण करायला हवी. श्वासनलिकेत काजळी सापडली, तर ती स्त्री जळताना जिवंत होती, एवढेच सिद्ध होते. काडी कोणी ओढली, हे काजळी सांगत नाही. ते सांगणार असतो तो स्टोव्ह : त्याची टाकी फुटली आहे की शाबूत आहे? रॉकेल फक्त ओट्यापाशी आहे की तिच्या केसांवर आणि पाठीवरही? दाराची कडी कोणत्या बाजूने होती? ही उत्तरे शवागारात मिळत नाहीत. ती स्वयंपाकघरात असतात, आणि तेही फरशी धुऊन काढेपर्यंतच. पहिल्या हवालदाराने ती फरशी पाहिली आणि तिचे वर्णन लिहून ठेवले, तरच पुढच्या डॉक्टरला, रसायनतज्ज्ञाला आणि न्यायाधीशाला काही हाती लागते.

नव्या संहितेत सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने जागेवर जावे आणि चित्रीकरण करावे, अशी तरतूद आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. हे चांगलेच आहे. पण तज्ज्ञ पोचेपर्यंतची ती फरशी सांभाळणारा माणूस हवालदारच राहणार.

वर्गात करण्यासारखे

या विषयातला विज्ञानशिक्षणाला उपयोगी भाग शिक्षकांना मृत्यूचा उल्लेख न करताही वर्गात आणता येईल. मधल्या सुट्टीत टेबलावर एक फुटलेला पेला, सांडलेले पाणी, उघडी खिडकी आणि तिरकी खुर्ची अशी मांडणी करून ठेवावी. मुलांनी हात न लावता दहा मिनिटे पाहून वहीत दोन रकाने भरावेत : ‘दिसले’ आणि ‘वाटले’. ‘पेल्याचे तुकडे खिडकीपासून दोन फुटांवर आहेत’ हे पहिल्या रकान्यात जाईल. ‘वाऱ्याने पेला पडला’ हे दुसऱ्यात. मग वह्यांची अदलाबदल करून एकाचे ‘दिसले’ दुसऱ्याने पडताळावे. दुसरा रकाना आधी भरायची घाई किती जणांना होते, हे मोजायला विसरू नये.

या मुलांपैकी कोणी पुढे पोलीस होईल, कोणी डॉक्टर, कोणी पंच म्हणून सही करायला बोलावला जाणारा शेजारी. मेलेला माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही. त्याच्या वतीने पहिला शब्द त्यांच्यापैकीच कोणाला तरी लिहावा लागेल, आणि तो ‘दिसले’च्या रकान्यातला असला पाहिजे.