डोंगराला मत विचारणारे बेट

घराचा पाया असो, रस्ता असो की धरणाची भिंत, खडीवाचून कोणाचेच चालत नाही. पण ही खडी येते कुठून, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. ती रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडलेली असते, डंपरमधून सांडत जाते, इतकेच आपण पाहतो. जिथून ती येते त्या गावाला मात्र हा प्रश्न विचारावाच लागत नाही. सुरुंगाचे हादरे आणि धुळीने पांढरी पडलेली झाडे त्याचे उत्तर रोज देत असतात. आज मी तुम्हाला अशा खाणीशी 13 वर्षे झुंजलेल्या एका बेटाची हकिकत सांगणार आहे.

या बेटाचे नाव हॅरिस. स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिक महासागराच्या वाऱ्यापावसात ते उभे आहे. खरे तर ते लुईस नावाच्या भागाला जमिनीने जोडलेले आहे, पण मधल्या डोंगररांगांमुळे दोन्हींना वेगळी बेटे म्हणायची तिथे रीत आहे. लोकवस्ती जेमतेम दोन हजारांची. घरात बोलायची भाषा गेलिक. मासेमारी, मेंढरे आणि घरच्या मागावर विणलेले लोकरी कापड यांवर पोट चालायचे. जगभर कोटासाठी वापरले जाणारे 'हॅरिस ट्वीड' ते हेच. या बेटांवरच्या रहिवाशांनी आपल्या घरी हातमागावर विणलेल्या कापडालाच हे नाव लावता येईल, असा कायदा ब्रिटिश संसदेने 1993 साली केला.

हॅरिसच्या माणसांना जमिनीचा इतिहास पाठ आहे, कारण तो त्यांना सोसावा लागला. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी पश्चिम किनाऱ्यावरची सुपीक गावे उठवली. काही कुटुंबे समुद्रापार कॅनडाला गेली, काही पूर्वेच्या खडकाळ किनाऱ्यावर येऊन पडली. तिथे माती इतकी कमी की समुद्री शेवाळ पाठीवरून वाहून आणून खडकांच्या बेचक्यांत वाफे करावे लागत. पुढे 1886 च्या कायद्याने या छोट्या कुळांना जमिनीवरून न हटवण्याची हमी मिळाली. आपल्याकडच्या कूळकायद्याची आठवण व्हावी असाच तो कायदा. पण मालकी जमीनदाराचीच राहिली.

पहिल्या महायुद्धानंतर इथे एक श्रीमंत उद्योगपती आला. साबणाच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेल्या लॉर्ड लीव्हरह्यूम यांनी 1918 साली लुईस आणि 1919 साली हॅरिस विकत घेतले. दक्षिणेच्या ऑब गावाला त्यांनी आपले नाव दिले, ते 'लेव्हरबरा' झाले. तिथे मोठे मासळी बंदर उभारायचे, शेकडो हातांना काम द्यायचे, असा बेत होता. काम सुरूही झाले. पण 1925 साली लीव्हरह्यूम वारले आणि सारा कारभार आटोपला. बाहेरून कोणीतरी येतो, कामाचे आश्वासन देतो आणि एक दिवस निघून जातो, हा अनुभव बेटाच्या गाठीशी होता. आणि काम हवे होते, हेही तितकेच खरे. शिकलेली मुले मुख्य भूमीवर जात होती, शाळांचे वर्ग लहान होत चालले होते.

लेव्हरबरापासून थोड्याच अंतरावर, बेटाच्या आग्नेय टोकाला रोनिव्हल नावाचा डोंगर आहे. उंची 460 मीटर, म्हणजे सुमारे 1500 फूट. तो ज्या फिकट दगडाचा बनला आहे त्याला अॅनॉर्थोसाइट म्हणतात. चंद्रावरच्या उंच प्रदेशात हाच दगड सापडतो. असा डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसलेला, म्हणजे खाण व्यावसायिकाच्या दृष्टीने सोन्याची खाणच.

याचे कारण लंडनमध्ये होते. इंग्लंडमध्ये गावागावांजवळच्या खाणींना विरोध वाढत होता. तेव्हा राल्फ व्हर्नी यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने 1976 साली सुचवले की दूरच्या किनाऱ्यावर मोजक्या पण अवाढव्य खाणी काढाव्यात आणि खडी जहाजाने आणावी. अशा खाणीला 'सुपरक्वॉरी' म्हणतात. आपण महाखाण म्हणू. तशी पहिली महाखाण स्कॉटलंडच्याच किनाऱ्यावर ग्लेनसांडा येथे निघाली आणि 1986 पासून तिथून जहाजे भरून जाऊ लागली. धोरणाचा अर्थ सरळ होता. जिथे माणसे जास्त तिथला त्रास कमी करायचा आणि जिथे माणसे कमी तिथे तो नेऊन ठेवायचा.

1991 साली रेडलँड कंपनीने रोनिव्हलच्या पायथ्याशी लिंगरबे येथे महाखाण काढण्यासाठी अर्ज केला. वर्षाला एक कोटी टनांपर्यंत दगड, 60 वर्षांत एकूण सुमारे 60 कोटी टन. डोंगराचा मोठा भाग नाहीसा होऊन त्या जागी समुद्राला लागून एक प्रचंड खड्डा उरणार होता. मोबदल्यात काही डझन नोकऱ्या आणि स्थानिक संस्थेला कराचे उत्पन्न.

लोकांनी सुरुवातीपासूनच विरोध केला, असे सांगितले तर गोष्ट सोपी होईल, पण ती खोटी ठरेल. 1993 साली बेटावर मतदान घेतले गेले तेव्हा 62 टक्के लोकांनी खाणीच्या बाजूने कौल दिला. बेटांच्या परिषदेनेही तिला अनुकूलता दाखवली. ज्यांची मुले गाव सोडून जात आहेत त्यांनी पगाराची नोकरी मागितली, यात त्यांचे काय चुकले? डोंगर सुंदर दिसतो हे शहरातून सुट्टीला आलेल्या माणसाने सांगणे सोपे असते.

जानेवारी 1994 मध्ये सरकारने हा अर्ज स्वतःच्या हाती घेतला आणि जाहीर चौकशी लावली. ऑक्टोबर 1994 ते जून 1995 या काळात ही सुनावणी 80 हून अधिक दिवस चालली. कंपनीचे तज्ज्ञ आले, निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या सरकारी संस्थेचे आले, संघटनांचे वकील आले. आणि बेटावरचा मासेमार, विणकर, कूळ हेही आले. प्रश्न बारकाईने विचारले गेले. खडी न्यायला येणारी रिकामी जहाजे तोल राखण्यासाठी दूरच्या समुद्राचे पाणी भरून आणतील आणि इथे सोडतील, त्यातून आलेल्या परक्या जीवांनी कोळंबी-शेवंडांचे काय होईल? सुरुंगाच्या आवाजाचे, धुळीचे काय? साठ वर्षांनी दगड संपल्यावर काय? आणि मागणीचे आकडे तरी खरे आहेत का?

या चौकशीतला एक दिवस मात्र इतिहासात वेगळा नोंदला गेला. नोव्हेंबर 1994 मध्ये तीन साक्षीदारांनी धर्माच्या आधारे साक्ष दिली. लुईसवर वाढलेले लेखक अॅलिस्टर मॅकिंटॉश, फ्री चर्चचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक डोनाल्ड मॅक्लिऑड आणि कॅनडातील मिक्मॅक या आदिवासी जमातीचे नेते सुलियन स्टोन ईगल हर्नी. हर्नी यांच्या जमातीला पवित्र असलेल्या केप ब्रेटन बेटावरील डोंगरावरही खाणीचे संकट आले होते. सृष्टी माणसाच्या मालकीची नाही, ती त्याच्याकडे सांभाळायला दिलेली ठेव आहे, असा मॅक्लिऑड यांच्या साक्षीचा रोख होता. हॅरिस हे कट्टर प्रोटेस्टंट बेट. रविवारी तिथे काम बंद म्हणजे बंद. अशा ठिकाणी पर्यावरणाचा मुद्दा बाहेरच्या पुस्तकातून न येता त्यांच्याच बायबलमधून आला, तेव्हा तो घराघरात पोचला. खाणीचे काम रविवारीही चालेल का, हा प्रश्न तर आधीपासूनच लोकांच्या मनात सलत होता.

1995 साली पुन्हा मतदान झाले. 80 टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले आणि त्यातल्या 68 टक्के लोकांनी खाणीला नकार दिला. परिषदेनेही आपली भूमिका बदलली. दोन वर्षांत डोंगर तोच होता, गरिबीही तीच होती. मधल्या काळात लोकांसमोर पूर्ण हिशेब मांडला गेला होता. केवळ नोकऱ्यांचा आकडा ऐकून दिलेले मत आणि नफ्यातोट्याच्या दोन्ही बाजू ऐकून दिलेले मत यांत फरक पडतो, तो असा.

लढा तिथेच संपला नाही. चौकशी अधिकाऱ्यांचा अहवाल तयार व्हायला काही वर्षे गेली आणि तो खाणीला अनुकूल निघाला. दरम्यान 1997 साली रेडलँड कंपनी फ्रान्सच्या लाफार्जने विकत घेतली आणि 1999 साली स्कॉटलंडला जवळजवळ तीनशे वर्षांनी स्वतःची संसद मिळाली. नव्या सरकारचे पर्यावरणमंत्री सॅम गॅलब्रेथ यांनी नोव्हेंबर 2000 मध्ये अहवाल बाजूला ठेवून परवानगी नाकारली. हा भूभाग राष्ट्रीय निसर्गसौंदर्याचा प्रदेश म्हणून घोषित होता. तिथे होणारी हानी भरून निघेल एवढा आर्थिक लाभ या खाणीत नाही, असा निर्णय त्यांनी दिला. लाफार्जने त्याला आव्हान दिले, 1965 सालच्या एका जुन्या परवानगीचाही आधार शोधला. अखेर 2004 साली कंपनीने माघार घेतली.

याच लाफार्जचे नाव पुढे आपल्याकडेही गाजले. मेघालयाच्या खासी टेकड्यांतून चुनखडी काढून ती 17 किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून बांगलादेशातील सिमेंट कारखान्याला नेण्याचा तिचा प्रकल्प. वनजमिनीच्या प्रश्नावरून सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली खाणकाम थांबवले आणि जुलै 2011 मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली. तिथल्या नोंगट्राय गावाच्या दरबाराने, म्हणजे पारंपरिक ग्रामसभेने, खाणीला पाठिंबा दिला होता आणि न्यायालयाने तो विचारात घेतला. तेव्हा गाव म्हटले की विरोध असे गणित मांडता येत नाही. गाव हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. ते माहिती घेऊन, मोकळेपणाने म्हणते का, हे पाहायला हवे.

हॅरिसच्या नकाराची किंमत हॅरिसने मोजली. त्या नोकऱ्या आल्या नाहीत आणि लोकसंख्येची गळतीही लगेच थांबली नाही. पण हात बांधून कोणी बसले नाही. स्कॉटलंडच्या 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने ग्रामीण समाजाला जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी उत्तर हॅरिसची मोठी जहागीर तिथल्या लोकांच्या विश्वस्त संस्थेने विकत घेतली, आणि 2010 साली पश्चिम हॅरिसच्या लोकांनीही तेच केले. ज्या किनाऱ्यावरून पूर्वजांना हाकलले होते त्याची मालकी आता रहिवाशांच्या संस्थेकडे आहे.

आणि ब्रिटनचे खडीवाचून अडले का? नाही. मागणीचे जे फुगवलेले अंदाज मांडले गेले होते ते प्रत्यक्षात उतरलेच नाहीत. 2002 पासून सरकारने नव्याने काढलेल्या खडी-वाळूवर दर टनामागे कर बसवला. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा दळून पुन्हा वापरणे त्यामुळे परवडू लागले. आज तिथल्या खडी-वाळूच्या गरजेचा सुमारे पाव भाग अशा पुनर्वापरातून भागतो. रोनिव्हल मात्र जागच्या जागी आहे.

खडी लागणारच आहे. ती कुठल्या ना कुठल्या डोंगरातूनच येणार आहे. म्हणूनच तो डोंगर कोणता, किती आणि कोणाला विचारून, हे तीन प्रश्न सुरुंगाची वात पेटवण्याआधी विचारायचे असतात. हॅरिसच्या माणसांनी ते विचारले, एकदा हो म्हटले, मग पुन्हा विचार करून नाही म्हटले. दुसऱ्यांदा विचार करण्याची ही संधी प्रत्येक गावाला मिळाली पाहिजे. कारण मत बदलता येते, फोडलेला डोंगर पुन्हा उभा करता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)