३९ इंच ३ सूत : आपल्याकडचा मीटर आणि सुताराचं माप

बेळगाव-लोंढा-कॅसलरॉकची जुनी गाडी मीटर गेजवर धावायची हे आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. पण फूट-इंचात बोलणाऱ्या इंग्रजांनी रुळांसाठी मीटर का घेतला? लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, १८७० च्या सुमारास, हिंदुस्थान सरकारने मेट्रिक मापं आणायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. त्याच भरात स्वस्तातल्या रेल्वेमार्गांसाठी १ मीटर रुंदी ठरली. वजन-मापांचा १८७१ चा कायदा झालाही, पण तो कधी अमलात आला नाही. १८७२ मध्ये अंदमानात मेयोचा खून झाला. मापं राहिली बाजूला, रूळ तेवढे पडले.

मग इंग्रज इंजिनिअरांनी त्या मीटरला आपल्या भाषेत बसवलं : ३ फूट ३ ३/८ इंच. म्हणजे आपल्या सुताराच्या बोलीत ३९ इंच ३ सूत. हिशेब केला तर १०००.१२५ मिलिमीटर येतात, चूक मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढीच. गंमत पलीकडे आहे. पोर्तुगालने १८५२ लाच मेट्रिक पद्धत स्वीकारली होती; मुरगाव ते कॅसलरॉक हा बहुतांश त्यांच्या हद्दीतला मार्ग इंग्रजी कंपनीने बांधला आणि १८८८ मध्ये तो पुरा झाला. तोही मीटर गेजच.

सुताराला हे दोन मापांचं घर नवं नव्हतं. इंचाचे ८ भाग म्हणजे ८ सूत. २ सूत म्हणजे पाव इंच, ६ सूत म्हणजे पाऊण. त्याआधी गज आणि तसू. गजही एक नव्हता : मुंबई इलाख्यात २७ इंचांचा, मद्रासकडे ३३ चा, बंगालात ३६ चा. २४ तसूंचा एक गज, म्हणजे मुंबईच्या गजातला एक तसू बरोबर ९ सूत. जुन्या वाड्याची चौकट मोजताना मापं ९ सुतांच्या पटीत येऊ लागली, तर काम तसूने झालं असावं असा संशय घ्यायला जागा आहे. टेप सेंटिमीटरच्या बाजूने धरली तर हे दिसणारच नाही, नुसते २८.६, ५७.२ असे वेडेवाकडे आकडे मिळतील. म्हणून माझं म्हणणं, वाड्याची नोंद करताना आधी इंच-सुतात लिहा, रूपांतर मागाहून.

१९५६ चा कायदा आला, १९५८ पासून दशमान वजनं आली, मग मीटर. दुकानातली मापं बदलली. सुताराची जीभ बदलली नाही. एरवी त्यात काही बिघडत नाही, कारण हातरंध्याने आणि पटाशीने काम करणारा माणूस लाकडालाच माप विचारतो. खरी अडचण राऊटर आल्यावर झाली. त्याच्या बिटाची रुंदी ठरलेली, तिथे ‘थोडं तासून घेऊ’ चालत नाही.

जुन्या दाराच्या चौकटीतली २ सुताची खाच ६.३५ मिमी असते. दुरुस्तीला आलेला मिस्त्री ६ चा बिट लावतो, खाच ०.३५ ने अरुंद होते आणि जुनं पॅनेल आत जात नाही. मग तो काय करतो? शंभर वर्षांच्या सागाच्या पॅनेलची कड तासतो! नवी खाच दुसरा हात फिरवून रुंद करता येते, तासलेली कड परत येत नाही.

बिटाच्या दांडीचं तर अधिकच जपायला हवं. पाव इंची कॉलेटमध्ये ६ मिमीची दांडी सहज जाते, नटही आवळला जातो, पण पकड बसत नाही. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणारं यंत्र ते. बिट सरकला तर लाकूड जाईल, कदाचित बोटही. अर्ध्या इंचाचा (१२.७) आणि १२ मिमीचा फरक तर ०.७ आहे. ८ मिमी आणि अडीच सूत (७.९४) एवढे जवळ आहेत की माणूस फसतो, ‘चालतंय की’ म्हणतो. तिथेही कॉलेट ज्याची त्यालाच लावावी.

आणि प्लायवूड बघा. पत्रा ८ बाय ४ फुटांचा, जाडी मात्र १८ मिमी, आणि मागताना ‘पाऊण इंची द्या’. पाऊण इंच म्हणजे १९.०५, त्या मापाच्या खाचेत १८ ची प्लाय खडखडते. मात्र वर १ मिमीचा सनमायका चिकटवला की १९ भरतात, आणि सहा सुताच्या खाचेत फळी गपगार बसते.